जाड पुस्तकाचं पहिलं पान

आमच्या गल्लीतल्या मावशींकडं जुन्या ख्रिस्ती पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे. त्या पेटीनं माझं म्हातारपण गोड केलं होतं. होतं म्हणतोय, कारण हल्ली त्या घरावरून जायची वेळ आली की मी रस्ता बदलतो.

बेंबळीच्या पुढं आमचं गाव. मी रिटायर मास्तर, गळ्यात लिंग, घरात सोमवारचा उपास. मला ख्रिस्ती पुस्तकांचं काय? तर काहीच नाही. पण जुनी मराठी दिसली की मी पाघळतो, हा माझा जन्माचा रोग. मावशी मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करून म्हाताऱ्या झालेल्या. दिसायचं कमी झालं तसं एकदा म्हणाल्या, "गुरुजी, तुमी वाचून दावाल का? आमच्या पोराला ह्यातलं काय नगंच हाय." तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी मी त्यांच्या आतल्या खोलीत.

काय भाषा हो ती! शंभरी ओलांडलेला कागद, जिकडंतिकडं अनुस्वारांचे ठिपके. लिहिणारा कुणी गोरा साहेब असावा आणि मराठी शिकला असावा बाजारातल्या बायकांकडून. एक ओळ जड संस्कृत, की पुढची थेट चुलीपुढची. एका पुस्तकात बाळंतिणीनं लेकराला अंघोळ कशी घालावी ते होतं आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रार्थना. दुसऱ्यात एक दारुडा कोष्टी बायकोशी चार पानं भांडतो आणि सपशेल हरतो. मी खो खो हसायचो. मावशी लगेच दटावायच्या, "हळू वो गुरुजी, भाईर ऐकू जातंय."

या 'हळू'ची मला आधी गंमत वाटायची. मग त्यांनी एकदा सगळं सांगितलं. त्यांची नात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागलेली, राखीव जागेवर. कागदोपत्री घर हिंदू, अनुसूचित जातीतलं. मुलानं बाहेरच्या खोलीत तुळजाभवानीचा मोठा फोटो लावलेला. पण जात पडताळणीचा दाखला अजून आला नव्हता, आणि घर ख्रिस्ती निघालं तर तो मिळणारच नाही, पोरीची नोकरी जाणार. पेटीत मात्र उपदेशांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यांच्यात रीत अशी, की घरातल्या सगळ्यांत जाड पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण लिहून ठेवायचं. सासऱ्यांपासून मुलापर्यंत सगळ्यांचे बाप्तिस्मे त्या पानावर होते, टाकानं, मोत्यासारख्या अक्षरात.

"मग फाडून टाका की ते पान," मी म्हणालो.

"माझी दोन लेकरं गेली, गुरुजी, ल्हान असतानाच. त्यांची नावं तेवढ्याच पानावर हायती. दुसरीकडं कुठंच न्हायती."

पुस्तक उंबऱ्याबाहेर जायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली.

ती मी मोडली. मोडायला लावली, म्हणा. पुस्तकाचा पुठ्ठा निखळला होता, पानं सुटायला लागली होती, आणि मला ते बघवत नव्हतं. चार मंगळवार मी त्यांच्या मागं लागलो. "दोन दिवसांत शिवून, खळ लावून आणून देतो, कुणाच्या दृष्टीला पडणार नाही," असा तोंड वर करून शब्द दिला. टॉवेलात गुंडाळून पुस्तक घरी आणलं. खळ वाळावी म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरच्या टेबलावर उघडं ठेवलं. ओसरीवर! माझी अक्कल काय गहाण पडली होती?

त्याच सकाळी एक पोरसवदा माणूस आला. पाठीला सॅक, बोलायला लई गोड. शाळेच्या जुन्या नोंदी बघतोय म्हणाला. तेरच्या बाजूला जुनंपानं हुडकणारे असे लोक कायम फिरत असतात, कधी आमच्याकडंही येतात. मी त्याला त्यातलाच समजलो. कुठल्या ऑफिसातून आला ते तो सांगत होता, पण मी ऐकलं कुठं? त्याचं लक्ष पुस्तकाकडं गेलं होतं ना! "किती जुनं असेल हो सर?" एवढंच त्यानं विचारलं, आणि मी सुटलो. कागद दाखवला, छपाई दाखवली. शेवटी म्हणालो, "आणि हे हस्ताक्षर बघा, असं आता गावात कुणाचं नाही."

त्यानं मोबाईल काढला. पान नीट यावं म्हणून कोपरा मीच दाबून धरला. "कुणाच्या घरचं?" त्यानं विचारलं. मी चार घरं सोडून असलेल्या मावशींच्या दाराकडं बोट केलं. जाताना त्यानं एका कागदावर सही मागितली. मी झोकात केली. मग चष्मा लावून वर छापलेलं वाचलं. जात पडताळणी समिती.

मी मावशींना सांगितलं नाही. भित्रा माणूस मी, दुसरं काय. पुस्तक शिवून परत दिलं. त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई झ्याक केलंसा." पुढचे मंगळवार मी जात राहिलो, वाचत राहिलो. कोष्ट्याचं भांडण पुन्हा वाचलं, हसू काही येईना. गल्लीत पोस्टमनची सायकल वाजली की माझी ओळ अर्ध्यातच तुटायची. मावशी म्हणायच्या, "पाणी घ्या, गुरुजी."

मग एका मंगळवारी पुस्तक बाहेर काढलेलं नव्हतं. त्यांच्या मांडीवर लांब खाकी पाकीट होतं, फोडलेलं.

"आज ह्ये वाचा."

नोटीस होती. नातीच्या नावानं, सुनावणीची. मी वाचायला लागलो. जुन्या पुस्तकातील नोंद तपासात मिळून आली, त्यावरून कुटुंब ख्रिस्ती असल्याचं दिसतं, दाखला का नाकारू नये याचा खुलासा करावा. त्याखालची ओळ दिसली. ती सोडून मी सरळ तारखेवर आलो. कागदाची घडी घातली.

मावशींनी पदरानं डोळे पुसले.

"एक वळ ऱ्हायली, गुरुजी. नातीनं काल समदं वाचून दावलंय मला. पर मला ती तुमच्या तोंडून ऐकायचीय."

मी घडी उलगडली आणि वाचलं, "सदर नोंद शेजारी राहणाऱ्या सेवानिवृत्त शिक्षकांनी स्वखुशीने दाखविली."