जंत, जंतू आणि रामाजीचं पोट

वच्छलाबाईंनी रामाजीला पहिल्यांदा पाहिलं ते तो त्यांना बघायला आला तेव्हा. पोह्यांची परात पुढे आली. रामाजीने मान खाली घातली आणि वर काढली तेव्हा परात कोरडी, सोबतचे पाहुणे उपाशी आणि शेजारच्या दोन घरांतले पोहेही संपलेले. त्या आठवड्यात सेलूच्या बाजारात पोहे मिळाले नाहीत म्हणतात. पोरीकडे बघायचं राहूनच गेलं. "पसंत आहे," असं तो परातीकडे बघूनच बोलला.

असा माणूस छप्पन्न साली अंथरुणाला खिळला. पिपरीच्या आपल्या वांग्याच्या वाडीत पायात काटा मोडला, पाय चिघळला. वर्ध्याच्या मधुकरराव डॉक्टरांनी नव्याने निघालेल्या कॅप्सूल दिल्या. पाय बरा झाला, पण पोटाने दावं तोडलं. पेज आत गेली की रामाजी लोटा घेऊन बाहेर. धोतर कमरेवर ठरेना. वच्छलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस जेवत नाही म्हणजे जगत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले, औषधाने वाईट जंतूंबरोबर आतड्यातले भले जंतूही मेले. ते जागा अडवून बसतात म्हणून चोरांना शिरकाव मिळत नाही. आतड्याची भिंतही त्यांच्यामुळेच सावध राहते, असं शास्त्रज्ञ आता म्हणू लागलेत. ताजं ताक द्या, वस्ती हळूहळू परत होईल.

ताक सुरू झालं. वाटी रोज रिकामी, पोट रोज बिघडलेलं. एका सकाळी वच्छलाबाईंनी त्याला गोठ्याआड वावडिंगाचा काढा ढोसताना पकडलं.

"अजी, हे काऊन पिऊन राह्यले तुमी?"

"डाक्तर म्हणे पोटात जंत पाह्यजे. तू ताकातून पाजून राह्यली, मी मारून राह्यलो. माह्या मायनं वावडिंग पाजू पाजू काढले ते, आता पुन्हा पाळू काय?"

वच्छलाबाई कपाळाला हात लावून खालीच बसल्या.

"जंत नाई, जंतू. जंत म्हणजे चोर. जंतू म्हणजे वाडीतला रखवालदार."

"मंग दिसत काऊन नाई?"

"आपल्या वाडीतला रखवालदार तरी कोणाले दिसते?"

हे मात्र रामाजीला पटलं. काढा सुटला, ताक राहिलं आणि दिवाळीपर्यंत पोट सावरलं. ताकाने की काळाने, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. वच्छलाबाईंनी दिवाळीला पुरणाचा स्वयंपाक केला.

रामाजी पुढे वीसेक वर्षं सुखाने जगला. एका भाकरीच्या वर मात्र कधी गेला नाही. "रखवालदाराले बसाले जागा पाह्यजे," म्हणायचा.