शेवग्याला टांगलेलं दगडफूल

आमच्याकडं वर्षाच्या तिखटाला चटणी म्हणतात. उन्हाळ्यात मिरच्या वाळल्या की घरोघरी तिचा घाट घातला जातो, आणि खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण यांच्या जोडीला तिच्यात मूठभर दगडफूल पडतंच. करड्या, चुरगळलेल्या पापुद्र्यासारखं दिसतं, आणि गरम तेलात पडेपर्यंत त्याला फारसा वासही नसतो. हे कुठल्या तरी झाडाचं सुकलेलं फूल असणार, अशी माझी एम.एस्सी.ला येईपर्यंत ठाम समजूत होती. वनस्पतिशास्त्र शिकायला आजऱ्याहून कोल्हापूरला आलेल्या मुलीला हे शोभणारं नव्हतं, पण होतं ते असं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा सरांनी दगडफुलाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली ठेवली. वर-खाली पांढऱ्या धाग्यांचं विणकाम आणि मध्ये हिरवेगार ठिपके. "हे फूल नाही, पान नाही आणि एकटंही नाही," सर म्हणाले. धागे बुरशीचे, ठिपके शेवाळाचे. बुरशी घर बांधून ओल धरून ठेवते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करून दोघांना जेवू घालतं. पुस्तकात याला शैवाक म्हणतात. मी जन्मभर खात आले ते एक जोडपं होतं! मी भिंग सोडेना तशी मागची मुलं ओरडायला लागली.

त्यांचं रसायन तर त्याहून अजब. आमच्या आजऱ्याच्या बागेतल्या आंब्याच्या खोडावर एक मोठ्या पानाची जात यायची. तिचा वरचा पापुद्रा खरवडून आतल्या पांढऱ्या गरावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब सोडला की तो क्षणात लालभडक व्हायचा आणि बघता बघता विरून जायचा. दुसऱ्या एका जातीला कॉस्टिक सोड्याचं पाणी लावलं की ती पिवळी पडायची. हे रंग दाखवणारी आम्लं दगडफूल आपली आपण बनवतं. त्यातली काही उन्हापासून वाचायला, काही किडे आणि जंतू लांब ठेवायला. खडकावर वाढणाऱ्या जाती तर त्यांच्या जोरावर दगडसुद्धा कणाकणानं झिजवतात. ज्याला मूळ नाही, तोंड नाही, त्यानं बसल्या जागी एवढा कारखाना चालवावा! मी दिसेल त्या झाडाला थेंब लावत सुटले. घरच्यांनी माझी बरीच थट्टा केली.

याच गोष्टीचा दुसरा भाग मला पुढं संशोधनाला मिळाला. मूळ नसल्यामुळे दगडफूल जगतं ते धुकं, दव, पाऊस आणि वाऱ्यावर. जे येईल ते अंगभर शोषून घेतं, मिटून घ्यायला त्याला दारच नाही. धुरातला गंधक आला की आधी शेवाळ मरतं आणि मग घर बांधणारी बुरशी उपाशी पडते. धुळीतलं शिसं, जस्त मात्र अंगात साठत राहतं. म्हणजे चांगल्या हवेतलं दगडफूल नेऊन वाईट हवेत टांगलं, तर काही महिन्यांनी ते त्या हवेबद्दल सांगतं. मी आमच्या बागेतून सालीसकट ताजं दगडफूल आणलं, लसणाच्या जाळीच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि दसऱ्यानंतर त्या कोल्हापूरभर टांगत हिंडले. काही पिशव्या तुलनेसाठी आजऱ्यालाच ठेवल्या.

एक जागा आक्काच्या परसातली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला शहराबाहेर एका फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, पाठीमागं दिली होती. भाऊजी त्याच फौंड्रीत साचे भरायचे. वाळत घातलेल्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काजळी बसायची, ती झटकून घडी घालायची सवय घरात सगळ्यांनाच होती. सवय नव्हती ती आक्काच्या लहान मुलीच्या छातीला. पोरगी धापा टाकायची. रात्री तिला उभं धरून बसावं लागायचं. बाळदमा आहे, हवा बदलून बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. आक्काला तिला काही महिने आजऱ्याला, आजोळी ठेवायची होती. आक्काच्या सासूबाई मात्र ऐकायला तयार नव्हत्या. त्यांना मी मावशी म्हणायची.

"हवंला काय झालंय?" मावशी म्हणायच्या. "ह्याच हवंत माझी पोरं वाढली की. पोरगी माझ्या डोळ्याम्होरं ऱ्हाईल." नातीवर त्यांचा जीव होता, हे कुणालाही दिसत होतं. पोरगी त्यांच्याच कुशीत झोपायची आणि त्यांच्याच हातून जेवायची. त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती, आणि मला तर भांडायला फार आवडतं.

मी परसातल्या शेवग्याला पिशव्या बांधत होते तेव्हा मावशी खाली येऊन उभ्या राहिल्या. "काय गं ह्ये?"

"दगडफूल हाय मावशी. आमच्या आजऱ्याचं."

"व्हय? लई ग्वाड दिसतंय. बाजारात असलं मिळत न्हाय."

संक्रांतीला मी त्यातल्या अर्ध्या पिशव्या काढून नेल्या. आजऱ्याच्या पिशव्यांत अजून हिरवी झाक होती, पाणी शिंपडलं की तुकडे उजळायचे. शेवग्याच्या पिशव्यांतले तुकडे कडेनं तपकिरी पडले होते. प्रयोगशाळेत त्यांच्यातला हरितद्रव्याचा रंग फिका निघाला आणि धातू आजऱ्याच्या मानानं कितीतरी जास्त. मी ते आकडे पाहत बसले. इतके दिवस ज्याच्याकडं नुसतं कौतुकानं बघत होते, त्यानं आपल्या अंगावर घेऊन मला उत्तर दिलं होतं. मला आनंद झाला, भीतीही वाटली. आक्काला सांगितलं. तिनं मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "पाल्याला काय कळतंय!"

उरलेल्या पिशव्या आणायला मी गेले ती ऐन उन्हाळ्यात. मावशींनी आधी जेवायला बसवलं. गरम भाकरी, तेल आणि नवी चटणी. चटणीचा वास असा काही खमंग होता की मी हावऱ्यासारखी जेवले आणि हात धुवून परसात गेले. शेवग्याच्या फांद्यांना नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या.

"मावशी, पिशव्या कुठं गेल्या?"

"चटणीत घातलं की," मावशी मोठ्या खुशीत म्हणाल्या. "तू निम्मं नेलंस, निम्मं ठेवलंस. म्हटलं पोरीनं माझ्यासाठी ठेवलंय. वास आला का न्हाय?"

मी पायरीवर बसले. माझं काम गेलं हे नंतर सुचलं. आधी पोरगी आठवली. मावशी तिला चटणी-भाकरी दुधात कुस्करून भरवायच्या, ते मी पाहिलं होतं.

"मावशी, ती चटणी खायची न्हाय. तिला तर अजिबात द्यायची न्हाय. त्या दगडफुलात फौंड्रीची धूळ मुरलीया. शिसं हाय त्यात."

"अगं तेलात तळून घातलंय. समदं जळून जातंय."

"शिसं जळत न्हाय, मावशी."

आमच्याकडं वर्षाची चटणी टाकणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मावशी भांडायच्या तयारीत कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मीही तयारीतच होते. तेवढ्यात आत पोरगी खोकायला लागली, ती थांबेचना. आक्का तिला पाठीवर थोपटत होती, ते खिडकीतून दिसत होतं.

मावशींनी हात खाली सोडले. शेवग्याकडं बघत त्या म्हणाल्या, "ह्ये कवापास्नं टांगलं हुतंस?"

"दसऱ्यानंतर."

"दसऱ्यापास्नं टांगलेलं खायच्या लायकीचं ऱ्हायलं न्हाय म्हणतीस." त्या थांबल्या. "आन ही तर जल्मल्यापास्नं हितंच हाय."

मला खरं तर सांगायला हवं होतं की मावशी, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, दम्याला कारणं अनेक असतात. तसं मी पुढं कितीतरी व्याख्यानांत सांगितलं. पण त्या दुपारी मी उठून शेवग्याच्या रिकाम्या दोऱ्या सोडायला लागले.

त्याच संध्याकाळी मावशींनी परसात खड्डा काढून बरणीतली सगळी चटणी पुरली. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय वो, चटणी नासली व्हय?" त्या खड्ड्यावर माती लोटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या आक्काबरोबर आणि माझ्याबरोबर पोरीला घेऊन आजऱ्याच्या एस.टी.त बसल्या. पोरगी वाटभर त्यांच्या मांडीवर झोपली होती. आमच्या आईनं राहा म्हणून किती आग्रह केला, तरी त्या चहा घेऊन परतीच्या गाडीसाठी निघाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले.

गाडीत चढल्यावर त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "पोरगी बरी झाली न्हवं," त्या म्हणाल्या, "तर मी परत मागितली तरी देऊ नगासा. मीच येत जातो."