बिनगळाचा मासा

गिऱ्हाइकाने निवडलेला खोटा, रबरी मासा चाचा आधी आपल्या हातात घेत, शेपटीला धरून दोनदा झटकत, कानाशी नेत आणि मग चष्म्यावरून बघत म्हणत, "आधी पाण्यात घालू याला. मग बोलू." कानाशी का नेत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "सवय आहे."

शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजच्या आणि टायरवाल्याच्या मध्ये मासेमारीच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक कुणी स्थानिक अरब होता, त्याला सगळे अरबाब म्हणत; तो क्वचित उगवायचा. दुकान चालवायचे ते चाचाच. मूळचे रत्नागिरीचे, जयगडच्या बाजूचे, साठी उलटलेले, दाढी मेंदीने लालसर केलेली. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण त्या दुकानात ते कुणीच घेत नसे. मल्याळी असो, पठाण असो, फिलिपिनो असो, सगळ्यांचे ते चाचाच. तेव्हा मीही इथे तेच ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, साताऱ्याकडचा, अंडंसुद्धा न खाणारा माणूस मासेमारीच्या दुकानात कसा? सांगतो. मला एक मुलगी आहे, सई. जन्म इथलाच, वाढली दुबईत, करामा भागात, आणि ऑगस्टमध्ये शिकायला कॅनडाला जायची होती. गेली दोन वर्षं आमचा संवाद असा चालला होता: "जेवलीस?" "येस, बाबा." "अभ्यास?" "डन." की दार बंद. फेब्रुवारीत एकदा ती फोनवर काहीतरी बघत बसली होती. अमेरिकेतल्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो, तो रबराच्या खोट्या माशाने धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. मी सहज विचारलं, "हे काय गं?" तर पोरगी सलग अकरा मिनिटं बोलली! मी घड्याळात बघितलं होतं. त्या आनंदात माझ्या तोंडून निघून गेलं, "आपणही करू की."

म्हणजे काय ते लक्षात घ्या. ऑगस्टच्या आत लेकीबरोबर एक मासा धरायचा, असं मी ठरवलं खरं, पण मासा गेला खड्ड्यात. तिने जाण्याआधी माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

मी ऑफिसात खरेदी विभागात आहे. त्यामुळे मी काय केलं असेल, ते ओळखा. एक्सेल शीट केली. खोट्या माशांची लांबी, वजन, रंग, किती खोल बुडतो, असे सात रकाने. पहिल्याच दिवशी तो कागद मी चाचांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "साहेब, हे तुमच्या मॅनेजरला दाखवा. मासा वाचत नाय."

ऑनलाइन मागवलेली काठी बगलेत धरून सईने तोवर भिंतीवरचा एक मासा काढला होता. कोपरापर्यंत येईल एवढा लांब, तीन सांध्यांचा, अंगावर गुलाबी पट्टा आणि काळे ठिपके. एकशेऐंशी दिरहम. मी मनातल्या मनात म्हणायचं ते मोठ्याने म्हणालो, "म्हणजे चार हजार रुपयांच्या वर की!"

"हा कुठला मासा?" चाचांनी सईला विचारलं.

"ट्राउट. इट्स अ क्लासिक."

"इथे राहतो?"

"नो."

"मग इथे याला ओळखणार कोण? मोहल्ल्यात अनोळखी माणूस आला तर आपण दार लावून घेतो ना, पोरी? मासाही तेच करतो. इथला मासा म्हणजे हमूर, त्याला बारकी तारली ठाऊक. तारलीएवढा घे, तारलीच्या रंगाचा घे. आणि ही तुझी काठी बघ कशी, हलकी. एवढं धूड फेकशील तर माशाआधी काठी मोडेल."

त्यांनी बोटभर लांबीचे चार-पाच रबरी मासे काढले आणि आम्हाला मागे नेलं. मागच्या खोलीत एक मेलेला डीप फ्रीझर होता, आडवा, सहा फुटी, काठोकाठ पाण्याने भरलेला. कधीकाळी त्यात कुणा हॉटेलवाल्याच्या कोंबड्या असणार. दोऱ्याला मासा बांधायचा आणि फ्रीझरच्या कडेने चालत तो ओढायचा. चाचा वाकून फक्त शेपूट बघत. "हा फास्ट ओढला तरच हलतो. नवीन माणूस घाबरून हळू ओढतो. नको. हा आडवा पडतो. नको. हा बघ, हळू ओढला तरी शेपूट हलवतो. हा तुझा." सईने तो रुपेरी मासा त्या फ्रीझरमध्ये वीसेक वेळा पोहवला. मला त्यांनी एक मातकट रंगाचा दिला. मी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, तर म्हणाले, "साहेब, रबर आहे. सोवळं मोडत नाय."

आणि इथेच त्यांनी त्यांचा तो प्रसिद्ध प्रकार केला. पकड घेतली आणि दोन्ही माशांचे गळ काढून टाकले.

"अहो चाचा, गळ काढलात तर मासा धरायचा कशाने?"

"धरायचा नाय अजून. आधी पोहवायला शिका. मग गळ."

नवशिक्याचा गळ ते काढूनच ठेवत, हा त्या दुकानाचा कायदा होता. काउंटरखाली थर्माकोलचा एक जाड तुकडा होता, त्यात सगळ्यांचे गळ टोचून ठेवलेले, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी. नावं लक्षात राहत नसत म्हणून पत्ते लिहिलेले. आमच्या चिठ्ठ्या "करामा पोर" आणि "करामा बाप". पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला एक तरुण अरब माझ्यादेखत येऊन गळ का काढला म्हणून चाचांशी तावातावाने बोलला, बाहेर त्याची घराएवढी गाडी उभी होती. चाचांनी त्याला स्टुलावर बसवलं, सुलेमानी चहा दिला आणि म्हणाले, "हबीबी, फर्स्ट स्विम. आफ्टर हुक. खलास." तो बिचारा हसत हसत बिनगळाचा मासा घेऊन गेला.

तर मग आम्ही दर शनिवारी उजाडायच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी, दगडी बांधावर जाऊ लागलो. सईने परवाने वगैरे ऑनलाइन काढले होते, सगळं रीतसर. शेजारचे लोक बादल्या भरत होते आणि आम्ही बापलेक गळच नसलेले मासे पाण्यात टाकून ओढून घेत होतो. एका काकांनी मला विचारलंसुद्धा, "भाईसाब, चारा ढूँढ रहे हो क्या?" मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. सई मात्र मजेत. लागायला काही नव्हतंच, त्यामुळे लक्ष ठेवायलाही काही नव्हतं. मग ती बोलायची. कॅनडातल्या थंडीची भीती वाटते, हे मला त्या बांधावर कळलं. शाळेत एक वर्ष ती एकटी डबा खायची, हेही तिथेच कळलं. मी ऐकत राहिलो आणि मासा ओढत राहिलो, वाकडातिकडा.

दर शनिवारी परतताना आम्ही दुकानात जायचो आणि चाचा परीक्षा घ्यायचे, त्याच फ्रीझरमध्ये. सईला म्हणायचे, "वा!" मला म्हणायचे, "साहेब, मासा मेलेला वाटतो. जरा जीव ओता."

सोडून देण्याचा प्रकार त्यांना अजिबात पटला नव्हता. "धरायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा? आम्ही गळ घेऊन गरवायला जायचो ते घरी कालवण व्हावं म्हणून. आमच्या मोहल्ल्यात कुणी लागलेला मासा परत सोडला ना, तर त्याला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेतील." सई म्हणाली, "चाचा, वी रिलीज इट. दॅट्स द रूल." त्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि हे साहेब खाणारच नाय. दोघं मिळून कशाला त्रास देता त्याला?"

एप्रिलमध्ये माझा धीर सुटला. ऑगस्ट जवळ येत होता आणि आमच्याकडे गळच नव्हता! मी गुपचूप एका सुपरमार्केटातून गळांचं पाकीट आणलं आणि शनिवारी पहाटे, सई गाडी लॉक करत होती तेवढ्यात, तिच्या रुपेरी माशाला गळ लावून टाकला. म्हटलं, सरप्राइज. पहिल्याच फेकीत गळ दगडात अडकला. मी काठी तिच्या हातातून घेतली आणि अशी काही खेचली की दोरा तुटला आणि तिचा मासा गेला. सई गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने कानांत हेडफोन घातले. दुकान येईपर्यंत काढले नाहीत. पुन्हा "येस, बाबा" आणि "डन" सुरू होणार, असं मला वाटलं.

दुकानात मी ठोकून दिलं, "मोठा मासा होता चाचा, तोडून नेला." चाचांनी दोऱ्याचं तुटलेलं टोक चष्म्याजवळ धरलं.

"हे दगडाचं काम आहे. माशाचे दात असे घासत नाय," ते म्हणाले. मग, "गळ लावला होतात?"

मी मान हलवली. सई जोरात हसली. त्या दिवशीचं पहिलं हसू. चाचांनी भिंतीवरून तसाच दुसरा रुपेरी मासा काढला, सईकडून पोहवून घेतला, थर्माकोलमधून तिचा गळ उपटला आणि जाहीर केलं, "पोरगी पास. बाप नापास. बापाचा गळ राहील इथेच." मग पकडीने त्यांनी त्या गळाच्या टोकाशी असतो तो बारीक उलटा काटा दाबून सपाट केला. "सोडायचाच ना त्याला? मग निघताना दुखायला नको. तुमच्यातलं जे पास होईल त्याला मी असाच देईन." एवढी थट्टा केलेल्या नियमाची त्यांनी स्वतःच अशी सोय केली होती.

त्या दिवशी सई गाडीकडे गेल्यावर मी थोडा मागे रेंगाळलो. चाचा फ्रीझरमधल्या पाण्यावरचा कचरा काढत होते. म्हणाले, "माझीही एक पोरगी आहे. चिपळूणला दिली. लहान होती तेव्हा एका सुट्टीत गावी गेलो तर ही खाडीत पोहतेय, पार मधोमध. मी काठावरून ओरडलो, अगं, कधी शिकलीस? म्हणाली, अब्बा, दोन वर्षं झाली." त्यांनी हात झटकला. "तुम्ही नापासच बरे, साहेब. यल्ला, निघा, पोरगी उन्हात उभी आहे."

जुलैच्या शेवटच्या शनिवारी मासा लागला. सूर्य अजून वर यायचा होता तरी सदरा अंगाला चिकटला होता. सईची काठी वाकली, ती किंचाळली, आणि दगडांच्या फटीतून वीतभर हमूर वर आला, तपकिरी, तोंड वासलेला, रागावलेला. मी तो धरायला हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि माझी इंग्रजीत उत्तरं देणारी पोरगी ओरडली, "बाबा, हात ओला करा आधी! कोरड्या हाताने त्याची कातडी सोलवटते!" हे तिला चाचांनी कधी शिकवलं, देव जाणे. मी हात ओला केला, सईने गळ अलगद सोडवला. हमूर माझ्या तळव्यात दोन श्वास थांबला आणि गेला. फोटो काढायचा राहून गेला. आम्ही दोघं बांधावर बसून उगाच हसत होतो, आणि मला रडू येत होतं.

चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "केवढा?" सईने वीत दाखवली. "हा तर अंगणवाडीतला. बरं झालं सोडलास." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटले काहीतरी. माझ्याकडून फ्रीझरमध्ये पुन्हा एकदा मासा पोहवून घेतला, शेपटीकडे बघितलं, आणि चष्मा पुसू लागले. गळ काही दिला नाही.

सई गेली. विमानतळावरून आल्यावर घर एवढं गप्प झालं की मी तीन-चार आठवडे शारजाच्या बाजूला फिरकलोच नाही. गेलो तेव्हा दुकानावर टायरवाल्याची पाटी होती. अरबाबने जागा विकली होती. मागच्या खोलीत जिथे फ्रीझर होता तिथे टायरांची थप्पी. चाचा कायमचे गावी गेले, तेहेतीस वर्षांनी. टायरवाला मला निरखत म्हणाला, "करामावाले? चाचा बोले थे, आप आओगे. लेट आओगे, पर आओगे." त्याने गल्ल्यातून थर्माकोलचा एक छोटा चौकोन काढून दिला. त्यात एकच गळ टोचलेला. चिठ्ठी तीच, "करामा बाप".

मी तो गाडीत बसून नीट बघितला. टोकाशी बोट फिरवलं. उलटा काटा दाबून सपाट केलेला होता.

मी खिशातून फोन काढला. मग सईला व्हिडिओ कॉल लावला आणि गळ कॅमेऱ्यापुढे धरला. तिकडे सकाळ होती, ती अंथरुणातच होती. तिने डोळे बारीक करून बघितलं. "ओ माय गॉड, बाबा! यू पास्ड!" ती ओरडली, आणि मग जरा थांबून मराठीत म्हणाली, "पण मी डिसेंबरला येईपर्यंत लावू नका हं."

नाही लावलेला. दर शनिवारी पहाटे मी बांधावर जातो आणि बिनगळाचा मासा पोहवून आणतो. शेजारचे काका अजून हसतात. परवा मात्र त्यांनी आपली काठी बाजूला ठेवली, थोडा वेळ माझ्या माशाकडे बघितलं आणि म्हणाले, "भाईसाब, एकदम ज़िंदा लगता है."