मिऱ्याएवढी कोंबडी

घार पिल्लांवर झेपावली आणि गुडघ्यांमुळे मला पायरीवरून उठता येईना. मी नुसती ओरडले. तांबडी कोंबडी मात्र पंख फुलवून सरळ घारीच्या अंगावर गेली. पिसं उडाली, धूळ उडाली, आणि घार रिकाम्या पायांनी वर गेली.

नात चित्रांचं पुस्तक घेऊन शेजारीच होती. त्यात एका पानावर कोंबडी मिऱ्याएवढी, दुसऱ्यावर पानभर. चित्र काढणाऱ्याला अक्कल नाही, असं मी सकाळीच म्हणाले होते.

"आजी, तुला कळतच नाही! ही छोटी, घारीला वरून दिसते ती. आणि ही मोठी, पिल्लांना दिसते ती."

जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण पिल्लाएवढं होऊन मी कधी पाहिलं नव्हतं. तिथून ती डोंगराएवढी दिसत असणार, आणि आज ती तेवढी होतीच.

पिल्लांना पोटाखाली घेऊन बसलेल्या कोंबडीनं पंख उचलले. सहाही पिल्लं जिवंत होती, आणि तीही.