जाऊबाईंची चूक सांगायची कोणी?

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात अठरा वर्षं घड्या घालून 'मोजपट्टी'ला अखेर बढती मिळाली. चादरीची कड बोटभर सरकली तरी हिला घास गोड लागायचा नाही, म्हणून ते नाव. आता ती विभागप्रमुख, पण तीन महिन्यांपुरती, कच्ची. नव्या प्रमुखांना माणसं कशी सांभाळावीत हे शिकवायला एक कोचबाई नेमलेली. तिचा अहवाल बरा आला तर पद पक्कं, नाहीतर परत घडीच्या टेबलाशी.

कोचबाईचा एकच धोशा: "दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. चूक दिसली की त्या माणसाला तिथल्या तिथे सांगायची."

बोलायला काय जातंय! मोजपट्टीच्या हाताखालच्या सहा बायकांत एक तिची थोरली जाऊ होती. घरी जिला विचारल्याशिवाय ही डाळीत मीठ टाकत नाही, तिला कामावर चूक दाखवायची? त्यापेक्षा वाघिणीची मिशी उपटावी.

आणि चूक तर होतीच. शस्त्रक्रियेच्या गाऊनची घडी आतली बाजू वर ठेवून घालतात. म्हणजे अंगात चढवताना डॉक्टरचा उघडा हात बाहेरच्या बाजूला लागत नाही, रोग्याला बाधा होत नाही. जाऊबाई चादरींवरून गाऊनवर आलेल्या. पहिल्या दिवसापासून त्यांची घडी उलटी. मोजपट्टीने काय करावं? जाऊबाई डबा खायला गेल्या की त्यांचे गाऊन उलगडायचे, नीट घालायचे, होते तसे रचून ठेवायचे. तीन महिने! जाऊबाई आपल्या हाताला यश आहे म्हणून खूश.

अहवालाच्या दिवशी कोचबाई सकाळी आठलाच स्टूल ओढून बसली. साडेनऊला वरून मोठ्या सिस्टरचा फोन आला, "तातडीचं ऑपरेशन आहे. वीस गाऊन जंतू मारायला अकराच्या वाफेत गेलेच पाहिजेत."

अकराला! म्हणजे डब्याच्या सुट्टीआधी.

साडेदहाला बाकीच्यांचे बारा तयार; जाऊबाईंपुढे आठ गाऊन रचलेले, आठही उलटे. मोजपट्टी टेबलाभोवती दोनदा फिरली. एकदा हात पुढे झाला. कोचबाईची नजर वर उठली, हात मागे आला. पावणेअकरा. ढकलगाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीवाल्याने पहिला गाऊन उचलला.

"ठेव तो!" मोजपट्टीचा आवाज चिरकला. "जाऊबाई... घडी चुकलीय. आठही."

"चुकलीय?" जाऊबाई सावकाश वळल्या. "तीन महिने चालली, ती आज या बाई बसल्या म्हणून चुकली होय?"

"तीन महिने मीच परत घालत होते. तुम्ही जेवायला गेलात की."

जाऊबाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मला येत नाही हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तू माझ्या पाठीमागे... अगं, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? आणि तू सुट्टीवर असतीस तर? कोणाच्या जिवावर बेतलं असतं?"

मोजपट्टीने फोन उचलला. "सिस्टर, बारा तयार आहेत. आठ मिळायला वीस मिनिटं लागतील. चूक माझी." पलीकडून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग तिने एक गाऊन घेऊन सगळ्यांसमोर घडी घालून दाखवली. उरलेले सात जाऊबाईंनीच घातले. कोचबाई पानभर लिहीत राहिली.

अहवाल आला. पद पक्कं नाही, गेलंही नाही. आणखी तीन महिने कच्चं. दुसऱ्या दिवशी जाऊबाई टेबलावरून मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "अहो मॅडम! बघता का जरा, आम्हा अडाण्यांचं जमलंय का?"

बायका फिसकन हसल्या. मोजपट्टी हसली नाही. गाऊन फिरवून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डावी बाही बाहेर राहिलीय, जाऊबाई."

जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग गाऊन ओढून घेतला, आणि उलगडला.