व्याह्यांचं इंजिनकाम

माझ्या नातीला आजोबा दोन. एक मी, दुसरे आमचे व्याही. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, पण शाळेत शिकवायला ते कधी गेले नाहीत. मोटार चालवायला शिकवतात. अर्धं गाव आज रस्त्यावर गाड्या हाकतंय ते मास्तरांच्या कृपेने, आणि उरलेलं अर्धं जीव मुठीत धरून कडेने चालतंय तेही त्यांच्याच कृपेने, असं मी म्हणतो. व्याह्याला एवढं बोलायचा हक्क असतोच.

मास्तरांची शिकवायची रीत जगावेगळी. गाडीतल्या वेगाच्या काट्यावर त्यांनी जाड पुठ्ठा चिकटवलेला. काटा बघायचा नाही; डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनाकडे. आवाज चढला की गिअर बदलायचा, बस्स. रीत खरंच नामी होती. मीही उतारवयात तशीच शिकलो आणि आजवर एकच कुंपण पाडलंय, तेही घरचंच.

पण गाडी म्हातारी झाली आणि तिच्या जोडीने मास्तरही. इंजिनातले पिस्टन सैल झाले. जरा वेग घेतला की आतून खडखड आणि मागून निळा धूर. धूर मागे, म्हणून मास्तरांना दिसत नव्हता. खडखड ऐकू येत नव्हती, कारण कान. पण कानांचा विषय काढायची सोय नव्हती. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, हे त्यांचं ठाम मत. विहीणबाई तर कंटाळून नुसत्या खुणा करायला लागल्या होत्या, आणि मास्तर मला कौतुकाने सांगायचे की बायकोचा स्वभाव अलीकडे फार शांत झालाय.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये आल्या बेकरीवाल्या बाई. त्यांना पावाची गाडी स्वतः चालवायची होती. मास्तरांकडे मन लावून शिकल्या आणि परीक्षेला गेल्या. परीक्षकांनी आपल्या कार्यालयाची नवीकोरी गाडी दिली. बाई पहिल्या गिअरमध्ये निघाल्या आणि पहिल्याच गिअरमध्ये राहिल्या. गाडी बिचारी किंचाळतेय, मागे रांग लागलीय. परीक्षकांनी शेवटी विचारलं, "बाई, गिअर कधी बदलणार?"

"अजून वाजली नाही," बाई म्हणाल्या.

त्यांचं तरी काय चुकलं? मास्तरांच्या गाडीत खडखडाट झाला की गिअर बदलायचा, हेच त्या शिकल्या होत्या. त्यांच्या आधीही काही जण याचपायी नापास झाले होते, फक्त त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. बाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. मागच्या गल्लीत चकचकीत गाड्यांची नवी शाळा निघाली होती. गाडी दुरुस्त करा, नाहीतर मी तिकडे चालले, आणि का चालले ते पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, असं त्यांनी बजावलं. म्हणजे मास्तरांच्या वर्गाला कुलूपच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गॅरेजात उभे. मास्तर, मी, आणि निकाल ऐकायला पिठाच्या हातांनी आलेल्या बाई. मेकॅनिकने दोन वाटा सांगितल्या. एक तर हेच इंजिन उघडायचं, लेथवर घासायला पाठवायचं, नवे पिस्टन घालून पुन्हा बांधायचं. महिना गेला समजा. नाहीतर ठोकर बसलेल्या एका गाडीचं चालू इंजिन पडून होतं, ते उचलून बसवायचं. दोन दिवसांत गाडी दारात. मास्तरांनी तिसरी वाट काढली. इंजिन ठणठणीत आहे, म्हणाले, काही करायची गरजच नाही.

मेकॅनिक ओरडला. मी ओरडलो. शेजारचा पंक्चरवाला, ज्याचा काही संबंध नाही, तोही ओरडला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मेकॅनिकने आपल्या सवयीप्रमाणे लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरून ऐकू लागला. मास्तरांनी तो त्याच्या हातातून ओढून घेतला. आवाज ऐकायला मला शिकवतोस का, असा एकूण आविर्भाव. मूठ त्यांनी कानामागच्या हाडावर दाबून धरली, आणि हाडातून तो खडखडाट थेट डोक्यात शिरला असावा. पहिल्याच घासाला खडा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला. टोक इकडे टेकवलं, तिकडे टेकवलं. बराच वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाले, "कधीपासून?"

मेकॅनिक माझ्याकडे बघतोय, बाई छताकडे.

मी म्हटलं, "व्याहीबुवा, तुम्ही इंजिनाचं विचारताय की कानांचं?"

"दोन्हींचं," ते म्हणाले.

मास्तर बाईंकडे वळले. तुमचं चुकलं नाही, शिकवणाऱ्याचं चुकलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. भांडायला आलेल्या बाईंची पंचाईत झाली. महिनाभर थांबते, म्हणाल्या, आणि हात झटकत निघून गेल्या.

मास्तरांनी इंजिन उघडायलाच सांगितलं. परक्याच्या हाताखाली वाढलेलं इंजिन आपल्या वळणाचं निघेल कशावरून, हे गॅरेजात दिलेलं कारण. खरं कारण रस्त्यात माझ्या कानात सांगितलं, तेही चौकापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. गाडी उभी म्हणजे वर्ग बंद, आणि तेवढ्या वेळात गुपचूप कानाचं मशीन बसवून घेता येईल. दोन दिवसांत ते कसं जमणार?

गुपित बेकरीच्या वाटेने पावाबरोबर घरोघर पोचलं. महिनाभर जो भेटेल तो विचारी, "मास्तर, काम कुठवर आलं?" आणि विचारताना बघे त्यांच्या कानाकडे. मास्तर मोठ्या उत्साहाने पिस्टनची हकिगत सांगत.

इंजिन लोण्यासारखं होऊन आलं. मास्तरांच्या कानात मशीन आलं. पहिल्या दिवशी बाई सवयीने खडखडीची वाट बघत बसल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "आता ती आदळआपट करणार नाही. नुसता सूर चढेल, तेवढ्यात ओळखा." त्यांना तो सूर ऐकू येत होता. हळूहळू बाईंनाही यायला लागला.

बाई पास झाल्या. परतताना गाडी त्यांनीच चालवली. मास्तर शेजारी, मी मागे, आणि मागे बसून माझं नेहमीचं सुरू: मास्तरांनी कोणाला कोणत्या खड्ड्यात घातलं, कोणाच्या दुकानात गाडी नेली, सगळं साग्रसंगीत. बाई हसून हसून बेजार. अचानक मास्तरांनी मान वळवली.

"व्याहीबुवा, हे सगळं माझ्याबद्दल चाललंय?"

"हो."

"कधीपासून?"

"लेकीचं लग्न झालं तेव्हापासून," मी म्हटलं. "तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत."