नंदा मेश्रामची सही

नंदा मेश्राम सही करत नव्हती आणि कर्वेनगरातल्या आमच्या कारखान्याचं डोकं फिरलं होतं. कारखाना म्हणजे बंगल्यामागची शेड आणि अकरा माणसं. पण सत्त्याण्णव साली मालक श्रीनिवासरावांनी कॉम्प्युटर आणला, त्याच्यासाठी तपासणीच्या खोलीत एसी बसवला, आणि आम्ही एकदम जागतिक झालो.

काम होतं पुराच्या इशाऱ्याच्या चाळीस सरकारी पेट्यांचं. नदीचं पाणी चढलं की वरच्या धरणावरून वायरलेसवर एक ठरावीक सूर यायचा. गावातल्या पेटीतला फिल्टर बाकीचा गोंगाट अडवून तेवढाच सूर आत घ्यायचा आणि भोंगा वाजायचा. फिल्टर उन्हाने जरा सरकला, की सूर बाहेरच. मग भोंगा नाही.

फिल्टर नंदानेच बांधला होता. ती चंद्रपूरची, पॉलिटेक्निक करून आलेली. ऊन काय असतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तापल्यावर फिल्टरमधल्या कॉइलचं माप जेवढं चढतं, तेवढंच ज्याचं उतरतं आणि सूर जागेवर राहतो, असा कपॅसिटर तिने पाच महिने खपून शोधला. सामग्री काय, तर थर्मासमधला बर्फ आणि आत शंभरचा बल्ब लावलेला बिस्किटांचा डबा.

श्रीनिवासरावांनी तिचे कपॅसिटर काढून बाहेरून आलेले स्वस्त, चकचकीत कपॅसिटर बसवले. एसीत चाळीसही पेट्या पास झाल्या.

"करा सही," श्रीनिवासराव नंदाला म्हणाले.

"डब्यात ठेवून बघितलं. पंचावन्न अंशांना सूर मिळत नाही."

"बाई, आपण पुण्यात राहतो, भट्टीत नाही."

"पेटी पत्र्याच्या खोलीत बसणार, साहेब. सोबत हा एसी देणार आहात का?"

"उद्या सरकारी तपासनीस यायच्या आत सही हवी. नाहीतर परवापासून येऊ नका."

प्रत्येक पेटीच्या तपासणी-कार्डावर दोन सह्या लागत: तपासणाऱ्याची आणि पडताळणाऱ्याची. तपासणारी नंदा, पडताळणारा मी. खरं सांगतो, मी तिच्या जागी असतो तर केव्हाच सही करून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी तपासनीस चहा घेत असताना नंदाने चाळीस कार्डं टेबलावर ठेवली. प्रत्येकावर पाच, पंचवीस आणि पंचावन्न अंशांचे आकडे, लाल शाईत 'नापास', आणि खाली ठसठशीत सही.

"सही हवी होती ना? घ्या, चाळीसही केल्या."

तपासनिसांनी वरचं कार्ड वाचलं. "दुसरी सही कोण करतं?"

श्रीनिवासराव माझ्याकडे बघत होते. नंदा बघतही नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. मी डबा पुढे ओढला, पेटी आत ठेवली, बल्ब लावला. अर्ध्या तासाने सूर गेला. मी पेन काढलं आणि तिच्या सहीखाली सही केली.

तपासनिसांनी शेरा लिहिला: सर्व पेट्या नव्याने करून याच डब्यात तपासाव्यात.

ते गेल्यावर श्रीनिवासराव ओरडले, "दोघंही चालते व्हा!"

नंदाने बल्बची वायर गुंडाळली आणि डबा काखेत मारला. "डबा माझा आहे, साहेब. घरून आणलेला."

चौथ्या दिवशी श्रीनिवासराव तिच्या दारात उभे होते. डबा परत आला, पण नंदासोबत आणि तिच्या कपॅसिटरांसोबत. मलाही निरोप आला. ती अट तिनेच घातली होती.